कारभारी मामांचा लिफाफा

चष्म्यावर बसण्याची अंबिकाची ही पहिलीच वेळ.

जागा धरायला लोक रुमाल टाकतात, पिशवी ठेवतात, फार तर छत्री आडवी घालतात. चष्मा कोण ठेवतं? पण त्या रविवारी उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ती पंधरा मिनिटं उशिरा पोचली, तेव्हा दिवे मालवले होते, पडद्यावर धो धो पाऊस कोसळत होता आणि मधल्या रांगेत एकच खुर्ची मोकळी दिसत होती. खुर्चीवर रुमाल होता. तो तिनं बघितला नाही, रुमालावरचं तर नाहीच. ती धपकन बसली आणि खालून कडकन आवाज आला.

"बसा, बसा..." पाण्याची बाटली घेऊन शेजारी येऊन उभा राहिलेला तरुण हळूच म्हणाला, "आता उठून तरी काय उपयोग?"

ती ताडकन उठली. चष्म्याची एक काडी इकडे, एक तिकडे आणि काचेला उभा तडा.

"सॉरी... मला दिसलंच नाही हो."

"मलाही आता दिसणार नाही."

मागून कुणीतरी "शू..." केलं. शेजारच्या काकांनी कपाळाला आठ्या घालत मागची एक रिकामी खुर्ची ओढून दिली. दोघं शेजारी शेजारी बसली. अंबिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"एक करा," तो कानाशी कुजबुजला, "खाली इंग्रजीत अक्षरं येतात ना, तेवढी वाचून सांगा. मला नुसते ढग दिसतायत."

सिनेमा परदेशी, जुना, काळा-पांढरा. त्यात एक हॅटवाला गुप्तहेर होता, एक सुंदर बाई होती, आणि दोघंही एकमेकांशी खोटं बोलत होती. अंबिका मान कलती करून मराठीत सांगू लागली.

"ती म्हणते, माझ्यावर विश्वास ठेव."

"मग? ठेवतो का?"

"ठेवतोय बिचारा. मरणार आता."

"तुम्ही आधी बघितलाय?"

"बघायला कशाला लागतो? अशा सिनेमात जो विश्वास ठेवतो तो मरतो."

अंधारात तो हसला. आवाज न करता, पण खुर्ची हलली म्हणून तिला कळलं. दोन तास ती बोलत होती आणि तो ऐकत होता. शेवटी हॅटवाला खरंच मेला. दिवे लागले, तेव्हा अंबिकाच्या घशाला कोरड पडली होती.

खाली टपरीवर चहा घेताना नावं कळली. हा फिल्म क्लब चालवणारे निवृत्त प्राध्यापक अनंतराव सगळ्या नव्या माणसांची ओळख करून देत. त्यांनी तिला सांगितलं, "हा सुदर्शन."

"नाव सुदर्शन, आणि दिसत काहीच नाही?"

"आणि धंदा चष्म्याचा," तो म्हणाला. "इथंच, चौकापलीकडं दुकान आहे. उद्या या. चष्मा मोडलात, निदान डोळे तरी तपासून घ्या."

ती गेली. जायचं नव्हतं, पण गेली. चितेगावच्या औषध कंपनीत ती नमुने तपासायच्या विभागात होती. दिवसभर नळ्या, आकडे आणि तपासल्याशिवाय सही नाही. कंपनीची बस संध्याकाळी तिला उस्मानपुऱ्यात सोडायची. त्या दिवशी ती घराकडं न वळता चौक ओलांडून गेली.

त्यानं तिला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर जड फ्रेम चढवली आणि भिंगं बदलत विचारू लागला.

"आता? पहिलं चांगलं की दुसरं?"

"सारखंच."

"नीट बघा... घाई काय आहे?"

तो इतका जवळ उभा होता की त्याच्या शर्टाला लागलेला काच पुसायच्या पाण्याचा वास येत होता. अंबिकाला समोरच्या पाटीवरची अक्षरं दिसत होती, पण तोंडातून निघेनात.

"खालची ओळ वाचा."

"तुम्ही बाजूला झालात तर वाचते ना."

तिला पाऊण नंबर निघाला. त्यानं बारीक काळ्या काड्यांची फ्रेम निवडली, स्वतः तिच्या कानामागं बसवून बघितली आणि दोन पावलं मागं सरकून नुसता बघत राहिला. अंबिका घरी आली ती चालत आली की तरंगत, तिला आठवत नाही.

आणि घरी आल्या आल्या तिनं जे केलं, त्याची पुढं तिला लाज वाटायची होती. तिनं मामांना फोन लावला.

"मामा, एक नाव देते. बघा जरा."

हे का, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी अंबिकाचा साखरपुडा झाला होता. पुण्याचा मुलगा, गोड बोलणारा, रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवणारा. पत्रिका छापून आल्या आणि लग्नाला वीस दिवस राहिले असताना कळलं, की त्याचं रजिस्टर लग्न आधीच झालेलं आहे. त्या पत्रिकांचे गठ्ठे अंबिकाच्या आईनं गिझरच्या माळ्यावर टाकले ते अजून तिथंच आहेत. लग्न मोडलं त्याचं अंबिकाला एवढं नाही वाटलं. आपण त्या माणसाच्या डोळ्यात बघत होतो आणि आपल्याला काहीच दिसलं नाही, हे तिला खात राहिलं.

कारभारी मामा पोलिसांच्या गोपनीय विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळ्या भावकीतली स्थळं तेच तपासायचे. तपकिरी सफारी, जुनी लुना, आणि तोंडात एकच वाक्य, "माणूस बोलतो ते खोटं, चालतो ते खरं." तीन महिने माणसाच्या मागं राहायचं, वहीत टिपायचं आणि शेवटी खाकी लिफाफा हातात द्यायचा. त्यांच्या लिफाफ्यामुळं चार मुली वाचल्या होत्या. अंबिकाच्या वेळी मात्र त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि पाहुणे म्हणाले, आता कशाला चौकशी, मुलगा तर किती गुणी दिसतो. तेव्हापासून मामा अंबिकाच्या नजरेला नजर देत नव्हते.

तर मामांना नाव दिलं, आणि पुढं काय झालं? पुढं अंबिका विसरली. पावसाळाभर दर रविवारी अनंतरावांनी रहस्यपट आणि हेरपट लावले. बाहेर ढग नुसते गोळा होऊन वैजापूरकडं निघून जायचे, पाऊस सगळा पडद्यावरच. आता चष्मे दोघांच्याही डोळ्यांवर होते, तरी सुदर्शन मधेच विचारायचा, "काय म्हणाली ती?" आणि अंबिका सांगायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. खुलताबादच्या रस्त्यावर भुट्टे झाले, सिद्धार्थ उद्यानात भांडण झालं, भांडण मिटवायला इम्रती झाली.

"तू सगळंच तपासून घेतेस का गं?" एकदा त्यानं विचारलं. तिनं त्याच्या हातातला चहाचा कप वास घेऊन परत दिला होता.

"दूध नासलंय."

"आणि मी?"

"तू... अजून नमुना तपासतेय."

"रिझल्ट कधी?"

"घाई काय आहे?" तिनं त्याचंच वाक्य त्याला परत दिलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

ऑगस्टमध्ये एक हेरपट लागला. त्यातल्या हेराला प्रेयसीबद्दलचं एक बंद पाकीट मिळतं. तो रात्रभर येरझाऱ्या घालतो आणि शेवटी पाकीट फोडतो. आत काहीच वाईट निघत नाही, बाई साफ निर्दोष. पण सकाळी ती येते, टेबलावर पाकिटाची फाटलेली कड बघते आणि एक शब्द न बोलता निघून जाते.

"उघडायलाच नको होतं त्यानं," बाहेर आल्यावर सुदर्शन म्हणाला.

"मी तर उघडलं असतं."

"आणि मग?"

"मग काय? ती निर्दोष होती ना! कळलं तर."

"तिला पण कळलं ना... त्याच्याबद्दल."

अंबिकानं तेव्हा खांदे उडवले. पण घरी जाताना तिला उगाच चुटपुट लागली.

चुटपुट आणखीही एका गोष्टीची होती. सुदर्शनचा मोठा भाऊ विश्वजीत मस्कतला असतो, असं तो म्हणाला होता. म्हणाला, आणि लगेच विषय बदलला. मस्कतहून कधी फोन आलेला तिनं ऐकला नाही, खजुराचा डबा आला नाही, फोटो नाही. आणि एक बुधवार सोडून दुसऱ्या बुधवारी दुकान दुपारपर्यंत बंद असायचं. "कुठं जातोस?" असं विचारलं की तो म्हणायचा, "काम असतं." पुण्याचाही असंच म्हणायचा. काम असतं.

मग सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी टपरीवर कपातल्या चहाकडं बघत सुदर्शन म्हणाला, "आमचे अप्पा म्हणतायत... दिवाळीनंतर तुमच्याकडं येऊ का म्हणून. मी म्हटलं, आधी तिला विचारतो." मग थांबून म्हणाला, "आता नको सांगू. पुढच्या रविवारी सांग."

अंबिकाच्या हातून कप लवंडला. आणि दोनच दिवसांनी, मंगळवारी, आठ दिवसांनी नळाला पाणी आलेलं, सगळं घर बादल्या घेऊन धावतंय, अशा वेळी दारात लुना थांबली.

"अंबे, हे घे." मामांनी खाकी लिफाफा पुढं केला. डिंकानं चिकटवलेला, वर लाल शाईत नाव. "तुझं काम झालं."

अंबिकाच्या हातातली बादली तशीच राहिली. तिनं दिलेलं नाव. जुलैमध्ये. मामा तीन महिने...

"मामा, चांगलं आहे की वाईट, एवढं तरी सांगा."

"म्या तोंडी अहवाल साहेबालाबी कधी दिला नाय."

"मोबाइलवर तरी पाठवायचं..."

"मोबाइलवर गेलं की गावभर झालं. वाचायचं तर वाच, नायतर नको वाचू. पर वाचलं तर समदं वाच. अर्धं वाचून उठू नको." मामा पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघत होते. "व्हय?"

"हो मामा."

लुना फटफटत निघून गेली आणि अंबिकाच्या जिवाला घोर लागला.

लिफाफा आधी पर्समध्ये गेला. पर्स जड वाटू लागली म्हणून गादीखाली गेला. गादी टोचायला लागली म्हणून डब्याच्या पिशवीत. ती त्याला उजेडात धरून बघायची, डिंकाच्या कडेवर नख ठेवायची आणि नख काढून घ्यायची. नाही उघडला, तर पुन्हा पत्रिकांचे गठ्ठे. उघडला, तर फाटलेली कड. आत काही वाईट निघालं तर सुदर्शन जाईल, आणि आत काही वाईट नाही निघालं तरी आपण त्याच्यामागं माणूस लावला होता हे कायमचं राहील. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात, ती ही.

दुसरा दिवस म्हणजे दुकान बंद असायचा तो बुधवार. अंबिकानं पोट दुखतंय म्हणून कंपनीत कळवलं, तोंडाला स्कार्फ बांधला आणि स्कूटी काढली. सिनेमातले हेर किती सोपं करतात सगळं! इथं दिल्ली गेटजवळच एका म्हशीनं तिला अडवलं. तरी सुदर्शनची निळी गाडी नजरेआड झाली नाही. मागं कापडी पिशवी बांधलेली, त्याच्या पाठीवर घामाचा डाग. हर्सूल आलं. तो तुरुंगाच्या रस्त्याला वळला, गाडी लावली आणि फाटकाबाहेरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रांगेत बायका होत्या, लेकरं होती, एक म्हातारा काठी टेकून उभा होता.

अंबिका वळणावर थांबून बघत होती. आणखी पन्नास पावलं टाकली असती तर खिडकीवर तो कुणाचं नाव सांगतो तेही ऐकू आलं असतं. तेवढ्यात सुदर्शननं त्या म्हाताऱ्याला आपली जागा दिली आणि पिशवी छातीशी धरून मागं जाऊन उभा राहिला. ती धरण्याची पद्धत बघून अंबिकाला एकदम कसंतरी झालं. एखाद्याच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडावं, तसं. तिनं स्कूटी वळवली आणि घर येईपर्यंत रडत होती.

रविवारी चित्रपटमालिकेचा शेवटचा दिवस होता. अनंतरावांनी महिनाभर आधीच अंबिकाला बोलायला सांगून ठेवलं होतं, विषय 'हेरपटातला विश्वास'. तिनं चार पानं लिहून आणली होती. ती उभी राहिली, पानं चाळली आणि बाजूला ठेवली.

"मी पहिल्या दिवशी कुणालातरी म्हटलं होतं, या सिनेमात जो विश्वास ठेवतो तो मरतो," ती म्हणाली. "पण मी नीट बघितलं नव्हतं. पाळत ठेवणाराही काही सुखानं जगत नाही. त्याला एक पुरावा मिळाला की दुसरा लागतो. खात्री कधी होतच नाही. मी कंपनीत नमुने तपासते. तिथं एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात, की तपासायला घेतलेली गोळी परत डब्यात जात नाही. ती संपते. माणसाचंही... मला वाटतं... मला एवढंच वाटतं."

ती खाली बसली. टाळ्या थोड्या उशिरानं वाजल्या. मधल्या रांगेतला सुदर्शन वाजवत नव्हता. तो तिच्याकडं बघत होता.

खाली टपरीवर चहा आला, तेव्हा तिनं पिशवीतून लिफाफा काढला आणि बाकड्यावर दोघांच्या मधे ठेवला.

"हे तुझ्याबद्दल आहे. माझ्या मामांनी लिहिलंय. तीन महिने ते तुझ्या मागावर होते. मीच सांगितलं होतं, जुलैमध्ये... आपण भेटलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

सुदर्शन लिफाफ्याकडं बघत राहिला.

"म्हणजे आपण भुट्टा खात होतो, तेव्हा पण?"

"हो."

"सिद्धार्थमध्ये भांडलो, तेव्हा पण?"

"हो रे. पण मी तो उघडलेला नाही. बघ, कड बघ."

"आणि बुधवारी?" तो शांतपणे म्हणाला. "बुधवारी मामा नव्हते. तू होतीस."

अंबिकाचा चेहरा उतरला.

"स्कार्फ बांधला की माणूस ओळखू येत नाही, हे सिनेमात. तुझ्या चष्म्याची फ्रेम मी बसवलीय, अंबिका. एवढ्या लांबून पण ओळखतो. वळणावर थांबलीस. मग पुढं का नाही आलीस?"

"तू सांगशील म्हणून."

"आणि आज सांगणार होतीस ना, हो की नाही ते?"

"लिफाफा बंद ठेवला, हेच सांगायचं होतं मला. बाकी तू सांगायचंस."

सुदर्शननं कप बाकड्यावर ठेवला आणि चौक ओलांडून निघून गेला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. अंबिका त्याच्या अर्ध्या चहाकडं बघत बसून राहिली.

मग दिवस जाता जाईनात. कोजागरी झाली, दूध आटलं, तिनं घोटभरही घेतलं नाही. कंपनीत एक नमुना तिनं तीनदा तपासला. बसमधून उतरली की चौकापलीकडं बघायची नाही असं ठरवायची आणि पहिलं तिकडंच बघायची. दुकान उघडं असायचं, पण काउंटरवर तो दिसायचा नाही. लिफाफा आता उघडायला काय हरकत होती? सगळं संपलंच होतं. तिनं दोनदा हातात घेतला. दोन्ही वेळा ठेवून दिला. आता तिला तो भीतीपोटी नव्हे, हट्टानं बंद ठेवायचा होता.

आणि मंगळवारी संध्याकाळी मोबाइलवर दोन ओळी आल्या. "उद्या सुट्टी टाक. साडेनऊला हर्सूल टी पॉइंट. लिफाफा आण."

तो गाडीला टेकून उभा होता. दाढी वाढलेली, डोळ्याखाली काळं. तिनं स्कूटी शेजारी लावली.

"मस्कत नाही," तोच आधी म्हणाला.

"हं."

"विश्वजीतदादा आत आहे. साडेतीन वर्षं झाली. लग्नाहून येताना पिऊन जीप चालवली. दोन माणसं गेली, अंबिका. बापलेक होते." त्यानं चष्मा वर सारला. "तो निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. त्यानं केलं ते केलं. पण माझा भाऊ आहे, मी येणं सोडणार नाही. मस्कत अप्पांनी काढलं. आधी पाहुण्यांना सांगितलं, मग गल्लीला, मग माझ्या तोंडात पण तेच बसलं. तुला कितीदा सांगायला आलो. पण तू म्हणाली होतीस ना, पुण्याचा कसा खोटं बोलला ते. वाटलं, हिला सांगितलं की मी पण त्याच्याच रांगेत."

"मग आता का सांगितलंस?"

"तू वळणावरून परत गेलीस म्हणून. मला राग आला होता. लई राग आला होता. नऊ दिवस मनात धुमसत होतो, की हिनं माझ्यामागं माणूस लावला. पण रोज शेवटी तेच आठवायचं, की एवढ्या जवळ येऊन ही परत गेली." त्यानं मान वर केली. "आणि मी मात्र तुला पहिल्या दिवसापासून मस्कत दाखवतोय."

अंबिका रडत नव्हती. तिला फक्त खूप मोकळं वाटत होतं, आणि त्या मोकळेपणाचंही थोडं भय वाटत होतं.

"जा, रांग वाढेल," ती म्हणाली. "मी थांबते."

नाव आधी दिलेलं नसल्यामुळं तिला आत सोडणार नव्हते. ती कडुलिंबाखाली पाऊण तास उभी राहिली. तो बाहेर आला तेव्हा पिशवी रिकामी होती आणि चेहरा जरा हलका.

"दादाला सांगितलं तुझ्याबद्दल. म्हणाला, 'पोलिसाची भाची? अन् तू कायको फसतो बे?'"

दोघं हसली, आणि हर्सूलच्या तलावाच्या काठावर येऊन दगडावर बसली. वारा सुटला होता. सुदर्शननं तिच्या पिशवीतून लिफाफा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"आता उघड. माझंच चरित्र आहे, मला तरी कळू दे."

"नको."

"अगं, मी सांगतोय ना? माझ्यासमोर उघड."

तिनं कड फाडली. आत आखीव कागद, मामांचं ताठ, खात्यातलं अक्षर. दोघांची डोकी कागदावर वाकली.

'ता. १५ जुलै. सदर इसमाच्या दुकानात ग्राहक म्हणून प्रवेश. नंबर काढून घेतला. बरोबर काढला. आधीच्या दुकानदारानं जवळचा नंबर चुकवला होता, असे निष्पन्न झाले.'

"तपकिरी सफारी!" सुदर्शन ओरडला. "ते आजोबा? त्यांनी मला विचारलं, दारू पितोस का? मी म्हटलं, डोळ्यांचा आणि त्याचा काय संबंध!"

'सदर इसम दोन चष्मे बाळगतो. एक डोळ्यावर, एक शर्टाच्या खिशात. विचारले असता, चार वर्षांपासून कायम जवळ असतो, असे म्हणाला.'

अंबिकानं ते वाक्य दुसऱ्यांदा वाचलं. मग हळूहळू मान वळवून त्याच्या खिशाकडं बघितलं.

"चार वर्षांपासून?"

"...हं."

"कायम?"

सुदर्शन तलावाकडं बघू लागला.

"म्हणजे त्या दिवशी पण खिशात होता! आणि मी दोन तास घसा कोरडा केला?"

"आवाज चांगला होता," तो पुटपुटला. "काढणारच होतो मी चष्मा. पण तू म्हणालीस, 'मरणार आता', आणि मग... राहिलंच."

तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली. जोरात. आणि पुढं वाचलं.

'ता. २३ जुलै, बुधवार. हर्सूल. मुलाखतीच्या रांगेत. कोणाला भेटला ते कळाले. इथे लिहीत नाही. ज्याचे त्याने सांगावे.'

'ता. २४ ऑगस्ट, रविवार, सायं. ७.१५. चहाची टपरी. सोबत मुलगी (आपलीच). मुलगी मोठ्याने हसली.'

मग नुसत्या तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढं एक शब्द. हसली. हसली. भांडली. हसली. अंबिकाला अक्षरं दिसेनाशी झाली. सगळ्यात खाली शेरा होता.

'साखरपुडा मोडल्यापासून मुलगी हसत नव्हती. वरील काळात एकूण सतरा वेळा हसली. (मोजली.) पुढे पाळत ठेवण्याचे कारण दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून कसूर झाली होती. ती भरून निघाली असे समजतो. अर्जदाराचा निर्णय व सही:'

त्याच्यापुढं जागा कोरी होती.

सुदर्शननं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला. डोळे ओले होते त्याचे. अंबिकानं त्याच्या खिशातलं पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला, कोऱ्या जागेत एक शब्द लिहिला आणि खाली सही केली. कंपनीत करते तशी, पूर्ण नावाची.

"काय लिहिलंस?"

"वाच की."

"दिसत नाही," तो म्हणाला. "चष्मा काढलाय. तूच वाचून सांग."

पेन होतं त्याच खिशात दुसरा चष्मा होता. त्याची काडी बाहेर डोकावत होती आणि ती अंबिकाला चांगली दिसत होती. तरी तिनं कागद उचलला, मान कलती केली आणि त्याच्या कानाशी जाऊन वाचलं.

"मंजूर."